सात डब्यांची गाडी, पाच डब्यांची जागा

मी, बोगुमिल सिकोरा, वय एकोणपन्नास, ओल्शानी गावच्या लाकूड गिरणीत करवतींना धार लावणारा, येत्या मंगळवारी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात जात आहे. देवाने डोके आणि हात अजून ठिकाणावर ठेवले आहेत, तोवर माझ्या माघारी काय कोणाचे हे कोणी न सांगता, स्वखुशीने लिहून ठेवतो.

घर, परसातली सफरचंदाची झाडे आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी हालिना हिची. त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही.

माझ्या कानशी गिरणीला द्याव्यात. शेजारी झेनोन याने सात वर्षांपूर्वी नेलेली शिडी मागू नये. त्याची कुदळ माझ्याकडे आहे.

आता संगणकावरची रेल्वे. थोरला भाऊ वितोल्द आणि मी अकरा वर्षे एकाच खेळात मिळून एक रेल्वेजाळे बांधत आलो. गेल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथल्या मोठ्या जंक्शनवर सगळ्या गाड्या तुंबल्या. जंक्शनपुढचा सिग्नल वितोल्दने बसवलेला. मी हालिनादेखत म्हणालो, "तुला सिग्नल कळत नाहीत, वितेक. तू आपले टोमॅटो लाव."

"आणि तुला माणसं," असे म्हणून तो जेवणावरून उठला. त्या संध्याकाळी आम्ही अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जादा थाळी मांडतो. त्या वर्षी रिकाम्या थाळ्या दोन राहिल्या. दहा महिने आम्ही बोललो नाही.

गेल्या रविवारी प्रार्थनेहून आलो आणि एकेक सिग्नल तपासत बसलो. जंक्शन आणि वितोल्दचा सिग्नल यांच्यामध्ये पाच डबे मावतात. जास्त लाकूड न्यायचे म्हणून मी त्याला न विचारता गाड्या सात डब्यांच्या केल्या होत्या. गाडी सिग्नलला थांबली की मागचे दोन डबे जंक्शनवरच उभे. मग कोण कसा पुढे जाणार? सिग्नल दोन डबे पुढे सरकवला. गाड्या एकामागून एक सुटल्या. फार दिवसांनी छाती हलकी झाली. लगेच त्याच्या दारात गेलो.

"चूक माझी होती. गाड्या लांबवल्या, जागा नाही वाढवली."

"किती डबे?"

"सात."

"गाढवा, विचारायचंस तरी." मग दार उघडे धरून म्हणाला, "आत ये, बोगुश. बूट पूस आधी."

म्हणून संगणक आणि त्यातले सगळे जाळे वितोल्दचे. साक्षीदार म्हणून त्याचीच सही हवी होती, पण ज्याला काही मिळते त्याला ती करता येत नाही. तो म्हणाला, "मग मला काही देऊ नकोस, मी सही करतो." मी ऐकले नाही.

आत्ता तो समोर बसून हे वाचतो आहे. म्हणतो, आठ डबेही मावतील. मला पटत नाही. परत आल्यावर दोघे मिळून मोजू.

साक्षीदार: फादर अल्बिन गुर्स्की, झेनोन व्रोना (कुदळ आजच परत मिळाली, शिडीही परत केली)

सही: बोगुमिल सिकोरा
ओल्शानी, गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५