डाव्या बाजूचा पाटा

६ मार्च, सोमवार

तुटला! मागचा, डाव्या बाजूचा स्प्रिंगचा पाटा. रेमेदिओसहून प्रवासी घेऊन परत येत होतो. खड्ड्यात आदळलो, मागून बंदूक सुटल्यासारखा आवाज आला आणि गाडी डाव्या कुशीवर बसली. प्रवासी उतरून चालू लागले. एक बाई जाता जाता म्हणाली, "पंचावन्न सालची शेव्हर्ले ना? हिला पेन्शन द्या आता, आजोबा!" मीही हसलो. मग बैलगाडीच्या चालीनं घरी आणली आणि अंगणात उभी केली.

खाली वाकून बघितलं. सगळ्यात लांब पाटा पुढच्या डोळ्यापाशी, म्हणजे बोल्टच्या भोकापाशी मोडलाय. पूर्वी हे काम मी आणि माझी बायको मिर्ता मिळून करायचो. ती बाहेरून पाना धरायची, मी आतून नट फिरवायचो. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून अमेरिकेत टँपाला गेली ती तिकडचीच झाली. फोन करते. तिकडचं हवापाणी सांगते.

७ मार्च, मंगळवार

आज कोणाशी बोललो नाही. कोंबड्यांना हाकललं तेवढंच.

८ मार्च, बुधवार

कोंबड्या नीवेसच्या आहेत. समोरची. सुईण होती, अर्ध्या काइबारिएन गावाची नाळ तिनं कापली आहे. गल्लीत आता तिच्या आणि माझ्या घरातच माणूस राहतं. बाकी दारांना कुलपं. कोणी मियामीला, कोणी माद्रिदला.

आज कोंबडी न्यायला आली आणि गाडीभोवती फेरी मारली.

"एलादिओ, ही हवानाला जाईल का?"

"आत्ता? ही कोपऱ्यापर्यंत जायची नाही."

"आत्ता कोण म्हणतंय! तेवीस तारखेला. वकिलातीत बोलावलंय मला. मुलाचं निमंत्रणाचं पत्र मंजूर झालं तर व्हिसा मिळेल."

मुलगा आब्दिएल कुठल्याशा बर्फाच्या देशात आहे. ती त्या देशाला 'फ्रीज' म्हणते. नातवाला अजून तिनं पाहिलेलं नाही.

"बघून येते फक्त," म्हणाली. "बसेस बंद आहेत आणि पेट्रोलचं पिंप तुझ्याकडेच आहे, हे मला ठाऊक आहे. लपवू नकोस."

मी म्हणालो, करतो. बघून येते! मिर्ताही हेच म्हणाली होती.

११ मार्च, शनिवार

सायकलवरून लोहाराकडे जाऊन आलो. उसाच्या जुन्या ट्रकचा पाटा कापून, तापवून तो मला नवीन करून देणार. पाट्याच्या डोळ्यात बसणारे रबरी बुश मात्र जुन्या टायरातून मीच कापतो. सगळे बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून ठेवलेत.

कोड्यात पडलोय. काम झालं नाही तर ती जाणार नाही. इतकं सरळ आहे ते.

१४ मार्च, मंगळवार

गाडी जॅकनं वर घेतली. घाई केली नाही. फर्मिन डोळ्यासमोर होता. आमच्या गावचा सगळ्यात हुशार मेकॅनिक, सिमेंटच्या ठोकळ्यावर गाडी टेकवून खाली शिरला. ठोकळ्याचा भुगा झाला. त्याचे पाय तेवढे बाहेर होते. त्या दिवसापासून मी सिमेंटवर विश्वास टाकत नाही.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. रुळाखालचे जुने लाकडी ओंडके आडवे-उभे रचून त्यांच्यावर चासी टेकवली. मग दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवून पाहिली. हलली नाही. तेव्हाच खाली शिरलो. अॅक्सल दुसऱ्या जॅकवर धरून हळूहळू खाली सोडला, पाट्यातला ताण गेला. मग यू-बोल्ट काढले, मागची कडी काढली.

पुढचा बोल्ट तेवढा राहिला. दोन माणसांचं काम. पायानं एक पाना अडवला, दुसऱ्यावर सगळा जीव टाकला. करकरला आणि सुटला! एकट्यानं! ओरडलो आनंदानं. ऐकायला कोंबडी होती.

नीवेसनं कुंपणावरून विचारलं, "काय झालं? निघाला का?"

मी म्हणालो, "नाही. गंजलाय. निघेलसं वाटत नाही."

कसं काय तोंडातून गेलं!

१६ मार्च, गुरुवार

काम केलं नाही. नुसता गाडीखाली पडून राहिलो. खाली गार असतं. नीवेसला खालून पाना आपटल्याचे आवाज ऐकवले.

१७ मार्च, शुक्रवार

नीवेस आली. मेलेल्या नवऱ्याची पँट कमरेला दोरीनं बांधलेली, डोक्याला फडकं, हातात कॉफीचा थर्मास.

"सरक. मी बाहेरून धरते, तू आतून फिरव. उलटी बाळं फिरवून बाहेर काढलीत मी, तुझा बोल्ट काय चीज आहे!"

नको नको म्हणेपर्यंत तिनं पाना लावलासुद्धा. पाना गरकन फिरला. मग तिनं पाना बाजूला ठेवला आणि बोल्ट बोटांनी फिरवला.

"एलादिओ. हा तर बोटानं फिरतोय."

मी गाडीखालून तिच्या चपला बघत राहिलो.

"कॉफी गार होतेय," ती म्हणाली. "बाहेर ये, पी, आणि कामाला लाग."

दुसरं काही विचारलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च, शनिवार

आज पाटा चढवला. आम्ही दोघांनी.

आधी पुढचा डोळा. भोकं जुळेनात. मी पहारीनं रेटत होतो आणि ती वाकून बोट घालून भोक चाचपायला लागली.

"हात काढ!" मी खेकसलो.

"अरे, बघू तर दे—"

"नीवेस, हात काढ म्हणतो ना!"

तिनं हात काढला आणि जॅक घसरला. अॅक्सल धाडकन खाली आला, पाटा झटका देऊन उडाला. तिचं बोट होतं तिथूनच गेला. गाडी मात्र ओंडक्यांवर जिथल्या तिथं. जराही हलली नाही. मी खालीच होतो.

ती गाडीखाली वाकून ओरडली, "एलादिओ! बोल काहीतरी!"

"आहे," मी म्हणालो. "जिवंत आहे."

"मेल्या!" म्हणाली आणि रडायला लागली. मग हसायला. मग मलाही हसू आवरेना. इतकं मोठ्यानं या अंगणात कोणी हसलं त्याला किती दिवस झाले.

जॅक पुन्हा लावला, या वेळी खाली फळी घालून. पुढचा डोळा बसला. मागच्या कडीत बुश घालून तीही बसली. अॅक्सल हळूहळू उतरवला, पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं बरोबर अॅक्सलच्या भोकात शिरलं. नवीन यू-बोल्ट घातले, आलटून पालटून आवळले. दोन्ही टोकांचे बोल्ट नुसते लावून ठेवले. ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावर आवळायचे, नाहीतर बुश पिळून फाटतो.

"आत्ताच का नाही?" तिनं विचारलं.

"आधी तिचं वजन तिच्या पायावर येऊ दे."

गाडी खाली घेतली. शेवटचे बोल्ट आवळताना ती बाहेर, मी आत. तिकडून म्हणाली, "गंजलेत का रे हे पण?"

मी पाना फिरवत राहिलो.

१९ मार्च, रविवार

गाडी समुद्राकाठी फिरवून आणली. सरळ उभी राहते. डावीकडे झुकत नाही. नीवेसनं काळा राजमा आणि भात केला होता, दोन ताटं वाढली. जेवताना मिर्ताबद्दल विचारलं. मी सांगितलं ती किती मजेत आहे. नीवेस म्हणाली, "ते नाही विचारलं. तू?"

मी भात पुन्हा घेतला.

२२ मार्च, बुधवार

उद्या पहाटे निघायचं. तिनं कोंबड्या माझ्या अंगणात आणून सोडल्या. "व्हिसा मिळाला तर या तुझ्याच," म्हणाली. निळा फ्रॉक इस्त्री करून दाराला टांगलाय. इथून दिसतो.

मिळू दे तिला. खरंच मिळू दे. एवढं तरी मनापासून लिहायला जमायला हवं.

२४ मार्च, शुक्रवार

नाकारला. कारण सांगितलं नाही. हवानापासून घरापर्यंत नीवेस खिडकीकडे तोंड करून बसली होती, खांदे हलत होते. मी रस्ता बघत होतो. दारात गाडी थांबवली तेव्हा ती उतरली आणि वाकून आत बघत म्हणाली, "शीळ छान घालतोस तू, एलादिओ. येताना सगळ्या वाटेनं घालत होतास."

मला कळलंच नव्हतं.

तिनं घरात जाऊन दार लावून घेतलं.