दाराला टेकवलेली काठी

बाबा, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच आज दुपारी दिसलात. पोलीस ठाण्यात पंखा संथ फिरत होता, मला पेंग येत होती, आणि तुम्ही पोलीस पाटलाची ती काठी टेकत तुरीच्या शेताच्या धुऱ्यावरून कुठंतरी निघाला होतात. हाक मारली तर वळलाही नाहीत. ज्या घरात नवरा बायकोला मारायचा, त्या घराच्या दाराला तुम्ही ती काठी टेकवून यायचात. ती तिथं आहे तोवर घरात कोणी हात उचलत नसे. गावातली गोष्ट ठाण्यापर्यंत जात नाही, याचं कामरगावपर्यंत कौतुक. लोक म्हणत, पाटील असावा तर असा. मग मी दहावीत असताना वाडीतल्या काकूला नवऱ्यानं घरात नाही, वांग्याच्या वाफ्यात मारलं. हात मोडला तिचा. तुम्ही ओट्यावर बसला आहात, आईनं ठेवलेला चहा निवतो आहे, आणि मी विचारते, तक्रार काहून नाही दिली? "तिनंच हात जोडले, पोरी. कागद नका करू म्हणे. मंग मी काय करू?" आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. माझा बाप भित्रा आहे, असं ठरवूनच मी खाकी घातली.

परवा ठाण्यात एक बाई आली. गालावर वळ उठलेले. मी लिहायला घेतलं तर तिनं माझं मनगट धरलं. "मॅडम, लिहू नका. तुमची गाडी तेवढी अर्धा घंटा आमच्या दारात उभी करा. त्याले दिसली म्हंजे पुरे." मी कायदा समजावला, तिनं कीर्तन ऐकावं तसा ऐकला आणि मान हलवली. मग मी गाडी नेली, बाबा. नवऱ्यानं खुर्ची आणली, ताई ताई करत गोडमिट्ट चहा पाजला. सारी गल्ली बघत होती. शेजारची म्हातारी म्हणाली, पोलीस असावी त अशी. परतताना उन्हात रस्ता तरंगल्यासारखा दिसत होता आणि मला फार बरं वाटत होतं.

आज संध्याकाळी त्याच बाईचा जबाब घ्यायला सरकारी दवाखान्यात जायचं आहे. बोलू शकेल, असं डॉक्टर म्हणाले. हे पत्र कोणाला पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तिनं लिहू नका म्हटलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. एवढं तिच्या जबाबात येणार नाही.