लाल कार मुलाला, जीप मुलीला

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, जनावरांची निवृत्त डॉक्टर, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे; फक्त तापलेले आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर व ठेवी मुलगा आणि मुलगी यांनी निम्म्या निम्म्या घ्याव्यात. भांडल्यास दोघांनाही माझा तळतळाट लागेल.

२. यजमानांची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार मुलाला. तिचे रूप मी नाकारत नाही. सरळ रस्त्यावर पळते तेव्हा माझाही जीव हरखतो. पण आभाळ भरून आले की तिच्यावर झूल चढायची. पहिल्या बाळंतपणाला कळा सोसत मी स्वतः जीप चालवत गेले, कारण यजमान म्हणाले, "पावसात क्रोम खराब होतो गं." हे मी विसरलेले नाही.

३. माझी फोर-व्हील जीप मुलीला. वेग साठच्या वर गेला की दात वाजतात, वळवताना खांदे भरून येतात. पण अडलेल्या म्हशीपर्यंत चिखलातून मला तिनेच बत्तीस वर्षे पोहोचवले. मुलीला तिचा अडणारा दुसरा गिअर ठाऊक आहे. चिरंजीवांनी मात्र मंगळवारी मला न विचारता भंगारवाला आणला. वर म्हणतात, "हा डबा रखडला म्हणूनच बाबा गेले ना, आई?"

४. तर ऐका. यजमानांच्या छातीत कळ आली तेव्हा मी जीप सुरू करून दारात उभी होते. रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला होता. मी ओरडले, "यात बसा!" त्यांनी कारची किल्ली मुलाच्या हातात दिली. "ती लवकर नेईल." पहिल्याच चरात कारचे पोट आपटले, तेल सांडले, गाडी बसली. मागून येऊन मी त्यांना जीपमध्ये घेतले. खणलेल्या रस्त्यातून जीप रखडतच चालली; मुलगा पुढे धावत गर्दी हटवत होता. माझ्या शेजारी यजमान एवढेच बोलले, "तुझं ऐकायला हवं होतं. कार काढली तिथंच चुकलं." त्यानंतर ते बोलले नाहीत.

पोराने हे ओझे वाहू नये म्हणून मी ते शब्द गिळले, जीपवरचा आळही मुकाट घेतला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आता बेचाळीसचा आहे. चूक बापाची होती. त्याची नव्हती, आणि जीपची तर मुळीच नव्हती. हे कलम वकीलबाईंनी त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

साक्षीदार : शेजारचे शिंपीकाका (सही)
दवाखान्यातील कंपाउंडरबाई (सही)

मृत्युपत्र करणारी : मुलांची आई (सही)
स्थळ : दवाखान्याची मागची खोली
दिनांक : १४ ऑक्टोबर, शुक्रवार