कोपऱ्यातली फुली

भोकरदन, ४ ऑगस्ट

चि. प्रेम यास आईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी बरी आहे. पण तुझ्या डिप्लोम्याच्या वेळचा कॉम्प्युटर बिथरलाय. रविवारी तू बोलायला आला की पाटी येती, मेमरी कमी आहे. तुझं तोंड उघडंच राहतं, मंग सगळंच गुल. मोबाईलच्या एवढ्याशा काचेत मला तू दिसत न्हाई. फोनवर तू धडाधड समजावतो, ते माझ्या डोक्यावरून जातं. म्हणून पत्र. ते दहादा वाचता येतं.

शेजारची वंदना म्हणली, काकू, जागा भरली असंल, काहीतरी काढा. मंग मी बाबांचे फोटो उडवायला घेतले. नागपूरचे सगळे गेले, लग्नातले अर्धे. ते गेलेलं माणूस, रुसायचे न्हाईत. तू मात्र दिसला पाहिजे. तरी पाटी येतीच. बाई गं, आता अजून कुणाला काढू?

माया आहेच, ती वाढवत जा.

तुझी आई, बेबीनंदा

बेंगळुरू, ११ ऑगस्ट

ती. आईस प्रेमचा सविनय जयभीम. वि. वि.

आई, बाबांच्या एकाही फोटोला आता हात लावू नको! पत्र वाचून घाम फुटला. फोन केला तर तू 'पत्रात लिही' म्हणून ठेवूनही दिलास. धन्य आहे तुझी.

फोटो म्हणजे कपाटातले कपडे. मेमरी म्हणजे तुझा ओटा. ओट्यावर भांड्यांचा पसारा असेल तर कणीक मळायला जागा उरत नाही, आणि कपाट रिकामं करून ओटा मोकळा होत नाही. उडवलेले फोटो पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात असतील. त्यांच्यावर उजवं बटण दाब आणि परत ठेव. पण तुझ्या ओट्यावर एवढं आहे तरी काय? खालच्या पट्टीवर काय दिसतं ते कळव. बोलणं झाल्यावर कोपऱ्यातली फुली दाबतेस ना?

रागावलो असलो तरी तुझाच,
प्रेम

भोकरदन, १८ ऑगस्ट

चि. प्रेम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोटो आले. तुझे बाबा नागपूरला बराबर जसेच्या तसे उभे. खोटं कशाला सांगू, रडले मी.

खालच्या पट्टीवर तूच आहेस. जयंतीपासूनचे सगळे रविवार. बोलणं झालं की मी फुलीशेजारची आडवी रेघ दाबते, मंग तू खाली जाऊन बसतो. उघडलं तर नुसतं काळं, पण तुझं नाव असतं. कॉम्प्युटर बंद न्हाई करत, रुमाल झाकते. अरे, अंगणवाडीच्या पटावर गाव सोडून गेलेल्या लेकराच्या नावावर फुली मारायचे मी. तुझ्यावर कशी मारू? आणि तू तरी काय, 'ठेवतो' म्हणतो अन् गायब! घरातून निघणारा 'येतो' म्हणतो, हे बेंगळुरूत विसरला का? तू 'येतो' म्हण, मी फुली दाबते.

चुकलं असंल तर आईला सांभाळून घे.

बेबीनंदा

बेंगळुरू, २५ ऑगस्ट

ती. आईस सविनय जयभीम. वि. वि.

काल आधी एकेका जुन्या रविवारासाठी आणि शेवटी कालच्यासाठी 'येतो' म्हणालो, आणि तू खरंच प्रत्येकावर फुली दाबलीस. पाटी आली नाही, बोलणं तुटलं नाही. सगळं अगदी ठीक झालं. मग माझ्यासमोर नुसता काळा पडदा, त्यावर तुझं नाव. मीही फुलीवर बोट नेलं, आणि आडवी रेघ दाबली.

दसऱ्याचं तिकीट काढलंय. बाबा उभे होते तिथे, नागपूरला, आपण दोघं जाऊ.

आई, येतो.

प्रेम