दाढीवाला आणि चष्मेवाली

लाडक्या ठमीस आजीचे आशीर्वाद.

आधी तुझा तो दाढीवाला मित्र आला, मागोमाग चष्मेवाली. मला कोण आनंद झाला! तुम्ही तिघांनी बनवलेलं ते सगळ्यांना फुकट वापरायचं सॉफ्टवेअर परदेशातल्या परिषदेत मांडायला तुला पाठवायचं, म्हणून याच दोघांनी लोकांपुढे हात पसरले होते ना! म्हणून चहा देताना मीच कौतुकाने सांगितलं, "अरे, तिला तिकडेच मोठ्या कंपनीत नोकरी लागली. आता कसली येतेय ती!"

चष्मेवालीने कप खाली ठेवला. दाढीवाला म्हणाला, "आजी, आम्हाला तर ती आजारी आहे म्हणाली. म्हणून उशीर होतोय म्हणाली."

मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मलाही कळलं. खोटं तू बोललीस आणि मान माझी खाली गेली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. पण चष्मेवाली कप विसळून गेली.

हे पत्र मी टाकणार नाही. तुला आधी कळायला नको.

दर रविवारी सकाळी तुझा फोन येतो, तेव्हाच दोघं पुन्हा येतो म्हणालेत. मीच बोलावलंय.

तुझी आजी