आमच्या हेजपुढचा फूटपाथ

मंगळ. ८ नोव्हें. २००५
पॅरिश कौन्सिलची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, मीटिंग. रिकामी सातवी जागा भरायची होती. त्यासाठी निवडणूक होत नाही, उरलेले सहा मेंबरच माणूस घेतात. चेअरमन जेफ्री आदल्या दिवशी फोन फिरवतो, मीटिंगमध्ये नुसते हात वर होतात. या वेळी अर्ज दोन: जोन (रिटायर्ड नर्स) आणि जेफ्रीचा सख्खा पुतण्या.

मी उठून म्हटलं, नातेवाइकाचा विषय आहे, मेंबरांच्या वागणुकीच्या कोडप्रमाणे चेअरमननी इंटरेस्ट, म्हणजे हितसंबंध, जाहीर करून बाहेर जायला हवं. क्लार्क पॅमने कोड काढून वाचला, मान डोलावली. जेफ्री हसत उठला. तो बाहेर असताना जोन निवडून आली, तीन विरुद्ध दोन.

परत आल्यावर म्हणाला, "डिलिप, तू आम्हाला शिस्त लावूनच सोडणार."

कोड पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलेला मेंबर या गावात मी एकटा. शाळा अकरावीला सुटली, इंग्लिश कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात मशीनची मॅन्युअलं वाचून शिकलो. नियमाचं इंग्लिश त्यापेक्षा सोपं असतं.

शनि. १९ नोव्हें.
सकाळी एडनाबाई चहाला. चर्चमागच्या छोट्या कॉटेजमध्ये एकट्या राहतात, वय ऐंशीच्या पुढे. बसस्टॉपपर्यंत आमच्या हेजला, झुडपांच्या कुंपणाला, लागून गवतातून चालत जातात. गवत ओलं असलं की रस्त्यावर उतरतात, आणि वळणावर गाड्या दिसत नाहीत. मागच्या आठवड्यात एका व्हॅनचा आरसा कोटाला लागला. मुलाला कळलं, तो वॉटफर्डला असतो. त्याने तिथे वृद्धांसाठीचा फ्लॅट बघून ठेवला आहे.

"फूटपाथ झाला तर मी इथे राहते असं सांगितलंय त्याला," म्हणाल्या.

आमच्या हिने, सु.ने, त्यांना घरी न्यायला डब्यात शंकरपाळी दिली. त्या त्याला बिस्किटं म्हणतात.

गुरु. १ डिसें.
कौंटीचं (जिल्ह्याच्या कौन्सिलचं) उत्तर आलं. फूटपाथचा दोन तृतीयांश खर्च ते करतील, एक तृतीयांश पॅरिशने द्यायचा. मार्चअखेरपर्यंत होकार कळवला नाही तर त्यांचे पैसे दुसऱ्या गावाला. अर्जाचा मसुदा मी केला, मापं मी घेतली, दोनदा.

जेफ्रीला पॅरिशचे तेच पैसे क्रिकेट पॅव्हेलियनच्या छपराला हवेत. त्याच्याबरोबर दोघे. आमच्या बाजूला मी, ब्रायन (जुना पोस्टमन), मार्गरेट आणि आता जोन. चार विरुद्ध तीन.

रवि. ८ जाने. २००६
परवा बजेटची मीटिंग, त्यात फूटपाथच्या पैशांवर मत. कोड पुन्हा वाचत होतो. फूटपाथ आमच्या कॉर्नरच्या घरापुढूनच जातो, नकाशावर आमच्या हद्दीला चिकटून. घराची किंमत वाढेल का? वाढेल. म्हणजे माझा इंटरेस्ट आहे, तोही साधा नाही, बाहेर जाण्याइतका.

सु.ला सांगितलं. "अहो, तुम्हाला कोणी विचारलंय का?"

विचारलं नाही म्हणून...

मंगळ. १० जाने.
जेफ्रीने नेहमीप्रमाणे सुरुवातीला विचारलं, कुणाला काही जाहीर करायचंय? आणि खाली कागदाकडे बघत राहिला. ब्रायनने टेबलाखालून माझी बाही ओढली. मी उभा राहिलो. घर, हद्द, किंमत, सगळं नीट सांगितलं. विषय आल्यावर बाहेर गेलो.

पॅसेजमध्ये खुर्च्या रचलेल्या. आतलं नीट ऐकू येत नव्हतं. मग बोलावलं. तीन-तीन झाले होते. चेअरमनचं जादा मत पॅव्हेलियनला.

जेफ्री मिरवला नाही, हे लिहून ठेवायला हवं. नुसतं म्हणाला, "नियम म्हणजे नियम, तूच दाखवलास." तो स्वतः क्रिकेट क्लबचा अध्यक्ष. मी ते काढलं. तर म्हणतो, "क्लबकडून मला सँडविच मिळतं, फार तर. छोटं गाव आहे, इथे प्रत्येकाचा कशात ना कशात पाय आहे. सगळे बाहेर गेले तर आत पॅम उरेल."

ब्रायन गाडीपर्यंत आला. "तुझ्या त्या हेजपुढे फूटपाथ झाला तर तुझी पार्किंगची जागा जाते, गाढवा. तुझं नुकसान आहे त्यात."

म्हटलं, नुकसान हाही इंटरेस्टच. तो टोपी चढवून निघून गेला.

बुध. ११ जाने.
एडनाबाईंना मीच जाऊन सांगितलं. दुसऱ्याकडून कळू नये म्हणून.

"मला वाटलं तुम्ही आमच्या बाजूचे," म्हणाल्या. रागाने नाही. मग किटली ठेवली.

घरी सु.: "खरं सांगा, नियमासाठी उठलात की सगळ्यांनी बघावं म्हणून?"

मी ताटं घेतली. जेवण झालं.

सोम. ३० जाने.
पॅमकडे गेलो. ठराव सहा महिने बदलता येत नाही, पण तीन मेंबरांनी सहीनिशी मागणी केली तर स्पेशल मीटिंग घेता येते. मला हे माहीत होतं. विचारायचं होतं ते वेगळं: माझा इंटरेस्ट बाहेर जाण्याइतका आहे की नाही, हे ठरवणार कोण?

"तूच," पॅम म्हणाली. "मी सल्ला देऊ शकते. ठरवायचं मेंबरनेच."

"मग सल्ला?"

"मीटिंगआधी विचारला असतास तर सांगितलं असतं, बस खाली. तू विचारलं नाहीस. येऊन थेट भाषणच केलंस."

एवढं स्पष्ट आजवर मला इथे कोणी बोललं नव्हतं.

शुक्र. १० फेब्रु.
जोन, ब्रायन, मार्गरेट, तिघांनी सह्या केल्या. मीटिंग २१ला, एकच विषय. छपराचं काम अजून कुणाला दिलेलं नाही. जोनने फोनवर विचारलं, "या वेळी बसशील ना?" म्हटलं, बघतो. ती म्हणाली, "बघून झालंय तुझं."

बसलो तर जानेवारीत उठलो ते काय होतं? आणि जेफ्रीच्या पुतण्याच्या वेळी मी जे...

रवि. १९ फेब्रु.
कोडमधली कसोटी अशी: सगळी हकिकत माहीत असलेल्या सामान्य माणसाला काय वाटेल. मी सामान्य माणूस शोधायला निघालो. एडनाबाईंकडे गेलो. मुलगा आला होता, कपाटावरची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होता. "थोडीशीच, आत्तापुरती," बाई म्हणाल्या.

त्यांना विचारलं, मी मत दिलं तर स्वतःच्या घरासाठी दिलं असं वाटेल का तुम्हाला?

त्यांनी हातातली बशी मुलाकडे दिली. "मला नका विचारू. माझा तर त्यात सरळच स्वार्थ आहे."

मुलगा हसला. मी नाही हसलो. त्यांनी मला जरा बाहेर थांबवल्यासारखं वाटलं.

मंगळ. २१ फेब्रु.
मीटिंग सातला. सकाळपासून बर्फाची भुरभुर. कोड टेबलावर आहे, उघडलेला नाही. त्यात जे आहे ते पाठ आहे, आणि जे हवंय ते त्यात नाही.

सु. जिन्याखालून विचारते आहे, "अहो, आत बसणार की बाहेर उभे राहणार? बाहेर राहणार असाल तर जाड कोट घाला, त्या पॅसेजमध्ये हीटर नाही."

सांगतो म्हटलं. सव्वासहा झाले. जाड आणि पातळ, दोन्ही कोट तिने खुर्चीवर काढून ठेवलेत.