वरच्या आळीला दुप्पट पाणी

ती. आत्याला दिपेशचा वाकून नमस्कार.

माझं आयुष्य फिरलं ते पाणी समितीनं वॉल्व्हची चावी माझ्या हातात दिली त्या क्षणी. (तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? मुरबाडला थंडी पडली म्हणे.) फोनच केला असता, पण तू मधेच रागावतेस, मग मीपण रागावतो. पत्रात मधे बोलता येत नाही.

कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी घरी रिकामा, म्हणून समितीचे अध्यक्ष, म्हणजे आपले बाबाच, म्हणाले, पोरगा निदान चावी तरी फिरवील. नियम सोपा. टाकी भरली की आधी खालच्या आळीला सोडायचं, उरलं तर वरच्या. उरत नाही. आपल्या तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबईला न चुकता पोचतं, आपल्याच वरच्या आळीला चढताना मात्र त्याचा दम जातो. हा अन्याय मला बघवेना. (देवजीकाका वीटवाल्यांची मनस्वी वरच्या आळीत राहते हा निव्वळ योगायोग. तिला हंडे घेऊन चढताना बघून माझं डोकं फिरतं, पण ते अन्यायामुळे.)

तर परवा मी खालच्यांचा वॉल्व्ह बंद केला आणि अख्खी टाकी, म्हणजे त्यांच्या वाट्याच्या दुप्पट, वर सोडली. कोणाला न सांगता, कारण दान गुप्त असावं असं तूच म्हणतेस. आता वरच्यांनी नळाची आशा कधीच सोडलेली. तोट्या गेलेल्या, एका नळाला तर शेळी बांधलेली. बायका सगळ्या लांबच्या विहिरीवर, पाणी आणायला! इकडे नळ मोकाट वाहिले आणि लोंढा उतारानं थेट देवजीकाकांच्या कच्च्या विटांत. आत्या, चिखलाच्या विटेला परत चिखल व्हायला अजिबात वेळ लागत नाही. मी धावत पोचलो तेव्हा समाधानी अशी ती शेळी तेवढी होती.

मनस्वी डोक्यावरचे हंडे न उतरवताच बोलली. (मान जरासुद्धा हलली नाही, काय सांगू!) "तुला कोनी सांगितलं रे शाना व्हायला? आमाला दुप्पट नको. कवा येनार ते सांग, नि त्या टायमाला सोड. बास." देवजीकाका वाकून चिखलातून एकेक वीट चाचपायला लागले. ते जास्त लागलं.

म्हणून काल समितीत मांडलं, एक दिवस आड आधी वरची आळी, वेळ ठरवून. बाबा उसळले, "मंग आमी काय रिकामे हंडे वाजवायचे?" म्हटलं, "तुमच्या नळांना लावलेल्या पाणी खेचायच्या मोटारी काढा, सगळ्यांना पुरेल." अर्धी समिती एकदम छपराकडे बघायला लागली. बाबा म्हणाले, "चावी ठेव, नायतर घर सोड." चावी मी ठेवली नाही.

काकांना नमस्कार.

तुझा दिपेश

ता. क. बाबा फक्त तुझं ऐकतात. रविवारी ये आणि त्यांना समजाव.

ता. क. २ आलीच आहेस तर देवजीकाकांकडे मनस्वीला मागणी घाल. (वरचा योगायोग खोडून वाच.)

ता. क. ३ मनस्वीला यातलं काही माहीत नाही. परवापासून ती मला "चिखल्या" म्हणते. तिलाही तूच सांग.

ता. क. ४ बाबा विचारतायत, चावी ठेवतोस का जातोस. आज माझ्या हिशेबानं वरच्या आळीची पहिली पाळी. या वेळी घरोघर सांगून आलोय. पाणी सोडून झालं की देवजीकाकांच्या नव्या विटा साच्यात पाडायला बसणार, त्यांनी हाकललं तरी. मी दार ओढून घेतलंय, या ओळी बाहेर पायरीवर लिहिल्यात.